एक डॉलर खिशात घेऊन आलेला पोरगा आणि दोनशे वर्षांचं व्याज

अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर एका म्हाताऱ्याचं चित्र आहे. पुढून टक्कल, मागे खांद्यापर्यंत केस. पिक्चरमध्ये नोटांच्या गड्ड्या दाखवतात तेव्हा आपण सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. पुष्कळांना वाटतं, हा तिकडचा कुणीतरी राष्ट्राध्यक्ष असणार. पण राष्ट्राध्यक्ष तो कधीच नव्हता. तो छापखानेवाला होता. नाव बेंजामिन फ्रँकलिन. मेणबत्त्या करणाऱ्याचा पोरगा, शाळा जेमतेम दोन वर्षं, आणि वयाच्या 42 व्या वर्षी पोटासाठी काम करायची गरजच उरली नाही, एवढी कमाई करून मोकळा झालेला माणूस.

पतंग उडवून विजेवर प्रयोग केला, देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांत होता, हे त्याचं सगळीकडे वाचायला मिळतं. पैसा कसा उभा केला ते फारसं कुणी सांगत नाही. आपल्याला आज तेवढंच बघायचंय. कारण त्यात लॉटरी नाही, वडिलोपार्जित जमीन नाही, रातोरात काही घडलेलं नाही.

फ्रँकलिनचा जन्म 17 जानेवारी 1706 चा, बोस्टन शहरातला. तेव्हा अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं. बाप चरबीपासून मेणबत्त्या आणि साबण बनवायचा. दोन बायकांची मिळून 17 लेकरं. एवढ्या खटल्यात शाळेचा खर्च कुठून झेपणार? दहाव्या वर्षी पोराला शाळेतून काढलं आणि वाती कापायला बसवलं.

सात वर्षांचा असताना त्याला सणाला हातात थोडे तांब्याचे पैसे मिळाले. वाटेत एका पोराची शिट्टी त्याला आवडली. मुठीतले सगळे पैसे देऊन त्याने ती घेतली आणि घरभर वाजवत सुटला. भावंडांनी किंमत विचारली आणि हसायला लागली. चौपट पैसे मोजले होते. उरलेल्या पैशांत काय काय आलं असतं हे त्यांनी मोजून दाखवल्यावर पोरगं रडलं. सत्तरी ओलांडल्यावरही हा म्हातारा एका ओळखीच्या बाईंना पत्रात ही शिट्टी सांगत होता. पुढे आयुष्यभर कुणी मानापायी, कुणी हौसेपायी भलतीच किंमत मोजताना दिसला, की त्याला ती शिट्टी आठवायची.

बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून लागला. करार 21 व्या वर्षापर्यंतचा, पगार नाही, जेवणखाण भावाकडे. इथे पोराने पहिला हिशेब जमवला. सोळाव्या वर्षाच्या सुमाराला त्याने मांस सोडलं आणि भावाला सांगितलं, माझ्या जेवणावर आठवड्याला जेवढे घालतोस त्याचे निम्मेच मला रोख दे, मी माझं बघतो. भाऊ लगेच तयार झाला. त्या निम्म्यातलेही निम्मे पोराने वाचवले. पाव, मूठभर मनुका आणि पाणी एवढ्यावर दुपार काढायची. वाचलेल्या पैशाची पुस्तकं. बाकीचे कामगार जेवायला बाहेर गेले की छापखान्यात एकटा बसून वाचायचं. पैसाही वाचला, वेळही वाचला. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या संपत्तीचं बियाणं या दुपारच्या जेवणात आहे. बचत करून त्याने पैसा पेटीत ठेवला नाही, त्यातून कामाचं शिक्षण विकत घेतलं.

भाऊ मारायचा. 17 व्या वर्षी, 1723 मध्ये, पोरगा पळाला. न्यूयॉर्कला काम मिळालं नाही, म्हणून पुढे फिलाडेल्फियाला गेला. नावेतून उतरला तेव्हा खिशात एक डॉलर आणि शिलिंगभर चिल्लर. नावाडी भाडं नको म्हणत होते, कारण त्याने स्वतः वल्हं मारलं होतं. तरी याने ती चिल्लर त्यांना दिलीच. जवळ थोडेच पैसे असले की माणूस जास्त उदार होतो, आपण कंगाल आहोत हे कळू नये म्हणून, असं त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवलंय. लग्नकार्यात आहेराचं पाकीट भरताना आपलं हेच होतं की नाही बघा.

मग तीन पेन्सचे तीन मोठे पाव घेतले. खिशात मावेनात, म्हणून दोन दोन्ही काखांत आणि तिसरा खात खात रस्त्याने निघाला. एका दारात उभ्या असलेल्या मुलीने हे ध्यान बघितलं. तिचं नाव डेबोरा. सात वर्षांनी तीच त्याची बायको झाली.

पुढची काही वर्षं धडपडीची आहेत. तिथल्या गव्हर्नरने मोठमोठी आश्वासनं दिली, लंडनला जा, छापखान्याचं सामान आण, पतपत्र मी देतो. पोरगा जहाजात बसला. लंडनला उतरल्यावर कळलं, पतपत्र नाहीच. तिथे दीड वर्ष दुसऱ्यांच्या छापखान्यांत मजुरी केली. त्या छापखान्यातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. तिथले कामगार दिवसभर बियर प्यायचे. न्याहारीआधी, न्याहारीला, दुपारी, संध्याकाळी. शेजारचा एक जण रोजची सहा मापं रिचवायचा, अंगात ताकद यावी म्हणून. दर शनिवारी पगार झाला की त्यातले चार-पाच शिलिंग बियरवाल्याला जायचे. फ्रँकलिन पाणी प्यायचा. त्याला सगळे पाणीवाला अमेरिकन म्हणून चिडवायचे. पण जिन्यावरून खिळ्यांच्या जड चौकटी नेताना बाकीचे दोन हातांनी एक उचलायचे आणि हा प्रत्येक हातात एक. मापभर बियरमध्ये जेवढं धान्य असेल त्यापेक्षा पेनीच्या पावात जास्त असतं, एवढा त्याचा साधा हिशेब होता. हळूहळू काही जणांनी बियर सोडून त्याच्यासारखी गरम लापशी सुरू केली. बाकीचे शेवटपर्यंत उधारीत राहिले.

तरी लंडनहून तो काही श्रीमंत होऊन आला नाही. सोबत आलेल्या मित्राने थोडे थोडे करत 27 पौंड उसने घेतले आणि ते बुडाले. एक पौंड म्हणजे 20 शिलिंग. मजुरी करणाऱ्या पोरासाठी केवढी रक्कम झाली ती! त्याआधी त्याने स्वतःही एक घोळ घातला होता. एका ओळखीच्या माणसाने आपले 35 पौंड वसूल करून जपून ठेव म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या एका दारुड्या मित्राला उसने देता देता त्यातलेच खर्च झाले. कित्येक वर्षं त्याच्या जिवाला ती टोचणी होती. मालकाने विचारणा केली तेव्हा त्याने मुदत मागून घेतली आणि हातात पैसा आल्याबरोबर व्याजासह फेडले.

1728 मध्ये एका भागीदारासोबत फिलाडेल्फियात स्वतःचा छापखाना टाकला. भांडवल भागीदाराच्या बापाचं. त्याने 200 पौंडांचा माल आणवला, 100 भरले, उरलेले 100 त्याला भरता येईनात. व्यापाऱ्याने कोर्टात दावा ठोकला. छापखाना जप्त होऊन निम्म्या किमतीत विकला जायची वेळ. आणि तो भागीदार शेतकऱ्याचा मुलगा, पिण्याच्या नादाला लागलेला, त्याला या धंद्यात रसच नव्हता.

याच वेळी दोन मित्र वेगवेगळे येऊन, न मागता, पैसे द्यायला तयार झाले. का? तारण ठेवायला फ्रँकलिनकडे काहीच नव्हतं. पण त्यांनी त्याला काम करताना बघितलं होतं. रात्री अकरापर्यंत छापखान्यात दिवा असायचा. एका मोठ्या पुस्तकाचं काम चालू असताना दिवसभर जुळवलेली चौकट रात्री निसटली आणि दोन पानांचे खिळे विस्कटले. ते सगळं त्याने त्याच रात्री पुन्हा जुळवलं, मगच झोपला. शेजारपाजारचे लोक हे बघत होते. गावात व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्याचा विषय निघायचा. त्याने दोन्ही मित्रांकडून निम्मे निम्मे घेतले, भागीदाराचं देणं फेडून त्याला रीतसर मोकळं केलं. 1730 पासून छापखाना एकट्याचा झाला, कर्जासह.

कर्ज फिटेपर्यंत फ्रँकलिन कसा राहिला, ते बघण्यासारखं आहे. कपडे साधे. चकाट्या पिटायच्या ठिकाणी पाय ठेवायचा नाही. शिकार नाही, मासेमारी नाही. दुकानातून कागद विकत घेतला की एकचाकी हातगाडीवर टाकून स्वतः ढकलत भर रस्त्यातून आणायचा. गडी पाठवता आला असता. पण त्याला ते लोकांना दिसायला हवं होतं. नुसतं कष्टाळू असून भागत नाही, आपण कष्टाळू आहोत हे उधार देणाऱ्याला कळलंही पाहिजे, हे त्याने आत्मचरित्रात उघड कबूल केलंय. काही लोक याला ढोंग म्हणतात. मला तसं वाटत नाही. हातगाडी तो खरंच ढकलत होता. कागदवाले माल उधार देऊ लागले, देणं वेळेवर जात राहिलं, नवी गिऱ्हाइकं येत गेली. त्याच काळात त्याच्याशी स्पर्धा करणारा एक छापखानेवाला झकपक कपडे घालून फिरायचा, बाहेर जेवणावळी करायचा. तो कर्जात बुडून गाव सोडून गेला.

1730 मध्येच डेबोराशी संसार सुरू झाला. ती दुकानात बसायची, छापलेले फर्मे दुमडून शिवायची, कागद करणाऱ्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घ्यायची. घरात नोकर नाही, सामान सगळ्यात स्वस्तातलं. फ्रँकलिनची न्याहारी म्हणजे दोन पेन्सच्या मातीच्या वाडग्यात दूध-पाव आणि कथलाचा चमचा. एक दिवस सकाळी बघतो तर चिनी मातीचा वाडगा आणि चांदीचा चमचा. बायकोने न विचारता आणलेला, 23 शिलिंगांना. शेजाऱ्यांच्या नवऱ्यांना असतं मग माझ्याच नवऱ्याला का नको, एवढंच तिचं म्हणणं. घरात महागाच्या वस्तूंनी पाय टाकला तो असा. पुढे वर्षानुवर्षं भर पडत त्या घरातली चांदीची आणि चिनी भांडी मिळून शेकडो पौंडांची झाली. तो हे हसत हसत सांगतो, बायकोवर चिडत नाही. आणि चिडायचा हक्कही त्याला नव्हता. निम्मा धंदा तिने ओढला होता.

एवढ्या बचतीने माणूस कर्जातून बाहेर येतो, श्रीमंत होत नाही. श्रीमंती आली ती वर्षाच्या वर्षाला परत परत येणाऱ्या उत्पन्नातून. 1729 मध्ये त्याने एक रडतखडत चालणारं वर्तमानपत्र स्वस्तात घेऊन नीट चालवलं. कागदी नोटा काढाव्यात म्हणून लेख लिहिला, सरकारने नोटा काढल्या आणि छपाईचं काम यालाच मिळालं. आजच्या भाषेत टेंडर बसलं म्हणा. 1732 पासून दरवर्षी पंचांगासारखं एक छोटं पुस्तक काढायला लागला. सूर्योदय, चंद्र, हवामान, बाजाराचे दिवस, आणि मधल्या रिकाम्या जागांत काटकसरीची चुटकेवजा वाक्यं. आपल्याकडे घरोघरी खिळ्याला कॅलेंडर असतं तसं तिकडे हे पुस्तक झालं. ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही तिथेही हे जायचं. वर्षाला जवळपास 10,000 प्रती, सलग 25 वर्षं. वर्ष सरलं की जुनं पुस्तक निरुपयोगी, गिऱ्हाइकाला नवं घ्यावंच लागतं. असा माल शोधून काढणं याला डोकं लागतं.

दुसरी युक्ती आपल्या शेतकऱ्यांना लगेच कळेल, कारण ती वाट्याच्या शेतीसारखी आहे. त्याच्या हाताखाली तयार झालेला पोरगा प्रामाणिक दिसला, की फ्रँकलिन त्याला दुसऱ्या गावी छापखाना टाकून द्यायचा. यंत्र आणि खिळे याचे, खर्चाचा तिसरा हिस्सा याचा, नफ्यातला तिसरा हिस्सा याला. मुदत सहा वर्षं. मुदत संपल्यावर पोराने सामान विकत घ्यायचं आणि स्वतःचा मालक व्हायचं. कुणी काय करायचं, भांडण झालं तर काय, सगळं आधी कागदावर. त्यामुळे अशा भागीदाऱ्या पुष्कळ केल्या तरी त्याची भांडणं झाली नाहीत. आपल्याकडे भाऊबंदकीत तोंडी व्यवहारावर जमिनी अडकून पडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

चार्ल्सटन गावचा असाच एक भागीदार होता. कामाला चांगला, पण हिशेब कधी धड पाठवायचा नाही. तो वारला. त्याची बायको हॉलंडची, तिकडे मुलींना हिशेब शिकवायची पद्धत होती. तिने धंदा हातात घेतल्यावर दर तीन महिन्यांनी चोख हिशेब यायला लागला, मुलं वाढवली आणि मुदत संपल्यावर तिने छापखाना विकत घेऊन मुलाला लावून दिला. हे सांगून फ्रँकलिन लिहितो, की मुलींना नाचगाण्यापेक्षा हिशेब शिकवा, विधवा झाली तर कुणी लुबाडणार नाही.

स्वतःला वळण लावायला त्याने एक छोटी वही केली होती. तेरा गुण ठरवले, त्यात काटकसर, कष्ट, नीटनेटकेपणा, मोजकं बोलणं असं सगळं. आठवड्याचे सात दिवस उभे, गुण आडवे. संध्याकाळी चुकलं तिथे काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, तेही त्याने लिहून ठेवलंय. ठिपके कमी होताना बघून बरं वाटायचं, म्हणून तो चालू ठेवायचा. आजकाल मोबाईलवर खर्चाचे ॲप असतात, त्यात हिरवा-लाल रंग दिसतो, ही वही तशीच होती.

1748 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याने छापखाना आपल्या हाताखालच्या मुख्य कारागिराला 18 वर्षांच्या भागीदारीने सोपवला. काम त्याने करायचं, नफ्याचा वाटा फ्रँकलिनला यायचा. आणखी पैसा मिळवता आला असता. पण पुरे म्हणजे किती, हे त्याने ठरवलं होतं. इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं. विजेवरचे प्रयोग, 1752 चा पतंग, टपाल खातं, फ्रान्समधली वकिली, 1776 चा जाहीरनामा, 1787 ची राज्यघटना, हे सगळं या मोकळ्या वेळात झालं. वीज अंगावर पडू नये म्हणून घरावर लावायची सळई त्यांनी शोधली, तिच्यावर हक्क सांगून एक पैसा घेतला नाही.

सगळंच गोड नाही. फ्रँकलिन यांच्या घरात गुलाम होते आणि त्यांच्या वर्तमानपत्रात माणसांच्या विक्रीच्या जाहिराती छापून यायच्या. त्या जाहिरातींचा पैसाही याच संपत्तीत आहे. म्हातारपणी मत बदललं, 1787 मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले, 1790 मध्ये मरणाच्या दोन महिने आधी गुलामगिरी बंद करा म्हणून अमेरिकेच्या संसदेकडे अर्ज केला. आणि जिने चिंध्या विकत घेऊन, फर्मे शिवून संसार उभा केला ती डेबोरा 1774 मध्ये वारली. शेवटची दहा वर्षं नवरा लंडनला होता, भेट नाही. बचतीच्या गोष्टी सांगताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

17 एप्रिल 1790 ला, 84 व्या वर्षी, फ्रँकलिन गेले. मृत्युपत्रात एक मजेची गोष्ट आहे. दुकानाच्या जुन्या खातेवहीत कित्येक वर्षांची उधारी पडून होती, ती त्यांनी फिलाडेल्फियाच्या दवाखान्याला देऊन टाकली. तुम्हीच वसूल करा!

खरी गोष्ट मृत्युपत्राच्या पुरवणीत आहे. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्यांनी प्रत्येकी 1,000 पौंड ठेवले. अट अशी, की काम शिकून तयार झालेल्या, लग्न झालेल्या, 25 वर्षांखालच्या कारागिरांना त्यातून धंद्यासाठी कर्ज द्यायचं. एकाला 15 ते 60 पौंड. दोन जामीन. दरवर्षी मुद्दलाचा दहावा हिस्सा आणि व्याज भरायचं. व्याज वर्षाला 5 टक्के. नीट वाचा, वर्षाला. आपल्याकडे खाजगीत शेकडा तीन म्हणतात ते महिन्याला असतं, म्हणजे वर्षाचे 36. तरुणपणी दोन मित्रांनी वेळेला पैसे दिले नसते तर आपला छापखाना जप्त झाला असता, हे त्यांच्या लक्षात होतं.

आलेलं व्याज पुन्हा कर्जाऊ द्यायचं, असं 200 वर्षं. त्यांनी हिशेब मांडून ठेवला होता, की 100 वर्षांत 1,000 चे 1,31,000 पौंड होतील. आपण कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतो. नुसतं सरळ व्याज धरलं तर 100 वर्षांत मुद्दलासकट 6,000 च होतात. व्याजावर व्याज चढलं की एवढा फरक पडतो. पैसा आपला असला की हे चक्र आपल्यासाठी फिरतं, कर्ज असलं की सावकारासाठी. महिना शेकडा तीनने, व्याज मुद्दलात धरत गेलं तर कर्ज दोन वर्षांत दुप्पट होतं. फ्रँकलिन यांच्या 5 टक्क्यांना दुपटीला 14 वर्षांच्या वर लागतात.

प्रत्यक्षात सगळं कागदावरच्यासारखं झालं नाही. काहींनी कर्ज थकवलं, पुढे कारखाने आले आणि शिकाऊ कारागिरांची जुनी पद्धतच संपत गेली. कर्ज घ्यायला माणसं मिळेनात, म्हणून पैसा दुसरीकडे गुंतवावा लागला. 1990 मध्ये 200 वर्षं पुरी झाली तेव्हा फिलाडेल्फियाच्या खात्यात सुमारे 20 लाख डॉलर होते. बोस्टनने पैसा जास्त नीट सांभाळला होता, तिथे ते 45 लाखांच्या पुढे गेले होते. बोस्टनमध्ये तर पहिल्या 100 वर्षांच्या पैशातूनच 1908 मध्ये एक तंत्रशाळा सुरू झाली होती. फ्रँकलिन यांच्याच नावाची ती संस्था अजून चालू आहे. तिथे आज पोरं मोटारदुरुस्ती आणि विजेची कामं शिकतात.